वस्तादांची मान

"...आणि समजा, लाइनमनच चुकला. मग पंचानं काय करायचं?"

धैर्यशील सरनाईकने प्रश्न विचारला आणि तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

इलाही वस्तादांनी मान उजवीकडे वळवली, क्षणभर तिकडेच ठेवली, आणि मग सावकाश समोर आणली.

ही त्यांची सवयच होती. चहा घेणार का, असं कुणी विचारलं तरी मान आधी उजवीकडे जायची. पेठेतले लोक म्हणत, म्हाताऱ्याची मान आखडलीय. कुणी लसणीचं तेल चोळा म्हणून सांगत, कुणी उशी बदला म्हणून. वस्ताद दोघांनाही बरं म्हणत.

"कुठला लाइनमन?" त्यांनी विचारलं.

"कुठलाही. सर्वसाधारण विचारतोय. नव्या पंचांचा वर्ग आहे, त्यात या विषयावर मला बोलायला सांगितलंय."

"सर्वसाधारण लाइनमन मी कधी बघिटला न्हाई. नाव सांग."

धैर्यशीलने मैदानाकडे पाहिलं.

"काशा," तो म्हणाला.

"हां... आता बस."

कोल्हापुरात पेठापेठांचे फुटबॉलचे संघ आहेत, आणि दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी गावात दुसरं काही होत नाही. अशा सामन्यांत इलाही मुजावर यांनी आयुष्यभर शिट्टी वाजवली. मारामाऱ्या थांबवल्या, स्वतः मारही खाल्ला. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे गेलेले. संध्याकाळी या लहानशा मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. पंच व्हायला निघालेली पोरं तिथेच त्यांच्याकडे येत.

धैर्यशील आणि काशिनाथ तिबिले दोघेही तिथेच शिकले. एकाच हंगामात आले. धैर्यशीलने शिट्टी घेतली, काशाने झेंडा. काशाला वस्तादांनी शिट्टी देऊ केली होती, पण त्याने ती कधी तोंडाला लावली नाही. म्हणायचा, मला एक रेघ बास आहे.

धैर्यशील आता राज्याच्या पंचांच्या यादीत होता. येत्या रविवारी फायनल होती, आणि फायनलची शिट्टी त्याच्याकडे आली होती. नुसतं भेटायला आला तरी काळा गणवेश इस्त्रीचा, बूट पॉलिशचे, गळ्यात लांबून मागवलेली शिट्टी. तो कट्ट्यावर बसला तेव्हा आधी रुमाल पसरला.

"सांग," वस्ताद म्हणाले.

"तुम्हाला ठाऊकच आहे."

"गावाकडनं ठाऊक हाय. तुझ्याकडनं न्हाई."

धैर्यशीलने सांगितलं. सेमीफायनल होती, खंदक तालीम आणि चिंचबन मंडळ. बरोबरी, आणि खेळ संपत आलेला. खंदकवाल्यांना डाव्या बाजूला थ्रो मिळाला. त्यांच्या गड्याने हाताने लांब चेंडू टाकला, पुढचा गडी एकटाच गोलकीपरसमोर, आणि उजव्या रेघेवर काशाचा झेंडा वर. ऑफसाइड. धैर्यशीलने शिट्टी वाजवली. चेंडू जाळीत गेला तो त्यानंतर.

"थ्रोवर ऑफसाइड नसतो," धैर्यशील म्हणाला. "शाळेतल्या पोराला माहीत असतं हे. वाजलेली शिट्टी मला परत घेता येत नव्हती. गोल देता येत नव्हता. खंदकवाले पुढं हरले."

"मग?"

"मग काय... सगळं स्टँड उठलं. बाटल्या, चपला. मैदानात उतरायच्या बेतात होते. मी काशाकडे गेलो."

"जाऊन?"

"त्याच्या हातातला झेंडा घेतला."

"मागितलास का घेतलास?"

"...घेतला. स्टँडला दाखवला. आणि त्याच्याकडं बोट केलं. बाहेर जा म्हणालो. राखीव लाइनमन उभा केला."

"टाळ्या पडल्या?"

"कुठं?"

"स्टँडात."

"पडल्या," धैर्यशील हळू म्हणाला.

"लई?"

"लई."

वस्तादांनी मान हलवली, जणू काही भाजीचा भाव ऐकला होता.

"आणि त्यो कसा गेला?"

"कोण?"

"काशा."

धैर्यशीलने हाताच्या बोटांकडे पाहिलं.

"रेघेनं गेला. बाटल्या पडत होत्या, तर मधनं पळत जायचं ना माणसानं... नाही. रेघेच्या बाहेरनं, रोज धावतो तसा, पार टोकापर्यंत चालत गेला."

समोरच्या मैदानावर कुणीतरी दुपारी फक्की मारून रेघा आखून ठेवल्या होत्या. वाऱ्याने पांढरी पूड थोडी सरकली होती.

"चूक त्याची होती का नव्हती, वस्ताद? तेवढं सांगा."

"हुती."

धैर्यशीलचा चेहरा जरा उजळला. "मग झालं की! मी वर्गात हेच सांगणार आहे. पंचानं चूक झाकू नये. ज्याची त्याच्या पदरात घालावी. त्यातनं खेळ सुधारतो."

"सांग की मग. हितं कशाला आलास?"

"फायनलसाठी लाइनवर एखादा पोरगा द्या तुमचा. तयार असेल असा."

"तुझा काशा हाय की."

"तो येत नाही."

"बोलावलंस?"

"दोनदा दारात गेलो. वहिनी म्हणाल्या, फौंड्रीतल्या पाळीवरून आलेच नाहीत." धैर्यशीलने खालच्या रुमालाचं टोक सरळ केलं. "बूट दारात होते."

वस्तादांनी काठीच्या टोकाने पुढ्यातली माती सारखी केली.

"दुसरे लाइनमन काय कमी आहेत?" धैर्यशील एकदम मोठ्याने म्हणाला. "दुसऱ्या सेमीला आणि तिसऱ्या नंबरच्या सामन्याला होते की. चांगले होते. एक झेंडा चुकला नाही त्यांचा."

"मग झालं की."

"हो. झालं... पण मी उजवीकडं बघतो, तेव्हा..."

वस्तादांची मान उजवीकडे गेली होती. ती या वेळी लवकर परत आली नाही.

एवढ्यात मैदानाच्या फाटकातून म्हातारे आले. एके काळचे सगळे खेळाडू. आता कुणाला मधुमेह, कुणाचं पोट पुढे, कुणाला नातवंडं. पण संध्याकाळी अर्धा तास चेंडू खेळल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. सगळ्यांच्या पुढे अण्णा पिसाळ. पूर्वीचे सेंटर फॉरवर्ड, हल्ली नुसतेच सेंटर.

"वस्ताद, चला की! पंचाबिगर खेळलो तर आमचा खून पडतोय हितं." अण्णांनी धैर्यशीलकडे पाहिलं. "आयला, मोठं साहेब आल्यात! साहेब, गळ्यातली शिट्टी चांदीची का हो?"

"पितळेची आहे, अण्णा."

"मग जपून. भांडीवाला बघतोय."

म्हातारे हसले. वस्ताद काठी टेकत उठले. कट्ट्याच्या फटीतून त्यांनी एक झेंडा ओढून काढला. वेताची काठी, विटलेलं पिवळं कापड, कडेला हाताने घातलेली शिवण. तो त्यांनी धैर्यशीलपुढे धरला.

"उजवी रेघ घे."

"मी?"

"गणपाची रेघ हाय. नीट धाव."

गणपा लोहार हा वस्तादांचा लाइनमन. वस्ताद पंच होते तोवर उजव्या रेघेवर तोच असायचा. तो वारला, त्या हंगामानंतर वस्तादांनी मोठ्या सामन्याची शिट्टी कधी घेतली नाही.

"वस्ताद, मी फायनलचा पंच आहे. म्हाताऱ्यांच्या खेळात लाइनवर..."

"म्हातारा कोन रं?" अण्णा ओरडले.

धैर्यशीलने झेंडा घेतला.

वस्ताद मैदानाच्या मधोमध, जरा डावीकडे जाऊन काठीवर रेलून उभे राहिले. धावायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला.

धैर्यशील बऱ्याच वर्षांनी रेघेवर उभा होता. समोर मैदान, पाठीशी तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता. त्याला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की मागे कोण आहे ते इथून दिसत नाही. पंचाला चहूकडे पाहता येतं. लाइनमनला मागे वळायची मुभाच नसते.

नजर बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या गड्यावर ठेवायची, त्याच्या पुढे उभा असलेला तो ऑफसाइड. हे वस्तादांनी शिकवलेलं. चेंडू पाहायचा नाही, चेंडू ऐकायचा. लाथ बसल्याचा धप्प आवाज आला, की त्या क्षणी कोण कुठे उभा आहे तेवढंच पाहायचं. डोळा रेघेवर, कान चेंडूवर.

धप्प. अण्णा पुढे होते. झेंडा वर.

पलीकडून वस्तादांची शिट्टी. बरोबर होतं ते. अण्णांनी कमरेवर हात ठेवला. "मी ऑफसाइड? माझं पोट असंल, मी न्हाई!"

धैर्यशीलला हसू आलं. पाय हलके झाले. रेघ अंगवळणी पडायला लागली.

मग पलीकडच्या बाजूला काही धसमुसळं झालं. चार-पाच म्हातारे एका ठिकाणी जमलेले, सगळे एकाच वेळी बोलत होते. चेंडू दिसत नव्हता. धैर्यशीलने नजर शेवटून दुसऱ्या गड्यावरच ठेवली, शिकवल्याप्रमाणे. कान लावला. गलक्यात काही कळेना.

आणि एकदम त्या घोळक्यातून चेंडू उंच बाहेर आला. अण्णा सगळ्यांच्या पुढे, एकटे, जाळीकडे निघालेले.

झेंडा वर गेला. हात आपोआप गेला.

शिट्टी वाजली. अण्णांनी चेंडू जाळीत मारला आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकीचे नाचत नाहीत.

"काय झालं?"

"ऑफसाइड म्हनत्यात."

"ऑफसाइड? आरं, थ्रो हुता! हातानं टाकलाय त्यानं! थ्रोवर कसला आलाय ऑफसाइड?"

धैर्यशीलचा हात अजून वरच होता. झेंड्याचं कापड वाऱ्यावर फडफडत होतं.

लाथेला आवाज असतो. हाताने टाकलेल्या चेंडूला नसतो.

त्याच क्षणी त्याच्या पाठीमागून, कुंपणापलीकडून, कुणीतरी अगदी हळू म्हणालं,

"थ्रो होता रे..."

धैर्यशीलने मान वळवली.

कुंपणाला सायकल टेकून काशा उभा होता. अंगावर फौंड्रीचा निळा शर्ट, कोपरापर्यंत काळा. डब्याची पिशवी सायकलच्या दांडीला अडकवलेली. एक हात तारेत अडकवून तो उभा होता. बराच वेळ उभा असावा.

मैदानात अण्णा वस्तादांपर्यंत पोचले होते.

"वस्ताद! डॉक्टरनं मोतीबिंदू काढला का अक्कल काढली?"

"दोन्ही काढलं," वस्ताद म्हणाले. "एकाच खर्चात."

"वर्सातनं एक गोल मारतो मी! त्यो बी खाल्ला!"

"खाल्ला खरा."

"तुमच्या त्या साहेबानं झेंडा..."

"शिट्टी कुनी वाजवली?"

"तुम्ही."

"मग मला शिव्या घाल. रेघंकडं बघू नगंस."

"घालू?"

"घाल. पर लौकर. अंधार पडतोय."

अण्णांनी दोन घातल्या. म्हातारे हसले. वस्तादांनी चेंडू मागून घेतला, वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच हातातून सोडला, आणि खेळ पुन्हा सुरू केला.

मग त्यांनी मान उजवीकडे वळवली, थेट धैर्यशीलकडे, आणि हात वर केला. तळवा उघडा. तो इशारा धैर्यशीलला पाठ होता. झेंडा दिसला, पोचला, आभार. झेंडा बरोबर असला तरी वस्ताद तेवढाच हात करत असत.

धैर्यशील मात्र कुंपणाकडे वळून उभा होता.

"काशा... त्या दिवशी मी..."

"लाइनकडं बघ," काशा म्हणाला. "खेळ चालू आहे."

"ऐक तर..."

"धैर्या. पुढं बघ."

हा आवाज धैर्यशीलच्या ओळखीचा होता. सामन्याआधी बूट बांधताना, ऊन कुठल्या बाजूचं, कुठला गडी पाय घालतो, हे सगळं सांगणारा. त्या आवाजाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. तो वळला.

खेळ पुढे सरकला होता. त्याने धावत जागा गाठली. नजर शेवटून दुसऱ्या गड्यावर.

धप्प.

अण्णाच. पुन्हा पुढे होते. हातभर. स्पष्ट दिसलं.

आणि धैर्यशीलचा हात उचलेना.

दिसलं होतं ते खरं होतं. पण मघाशीही असंच वाटलं होतं. झेंड्याची काठी मांडीला चिकटून राहिली. एक पाऊल गेलं, दोन पावलं गेली. अण्णा जाळीकडे निघाले होते. हात मात्र कुणी दुसऱ्याचा असावा तसा खाली लोंबत होता...

त्याने वर पाहिलं.

वस्ताद त्याच्याकडेच पाहत होते. शिट्टी ओठाशी, मान पूर्ण उजवीकडे. अण्णांकडे नाही, चेंडूकडे नाही. त्यांना घाई दिसत नव्हती.

झेंडा वर गेला.

शिट्टी वाजली.

"ह्यो मात्र खरा हुता," अण्णांनी धापा टाकत कबूल केलं. "ह्याला शिव्या न्हाईत."

वस्तादांनी हात वर केला. तळवा उघडा.

अंधारायला लागलं तेव्हा खेळ सुटला. धैर्यशील धावतच कुंपणाकडे वळला.

कुंपणापाशी कुणी नव्हतं. भुसभुशीत मातीत सायकलच्या चाकाची एक रेघ उमटली होती. रस्त्यापर्यंत सरळ गेली होती, मग डांबरावर संपली होती.

तो तारेला धरून थोडा वेळ उभा राहिला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल गेली. शिरोलीकडे जाणारी फौंड्रीची बस गेली. तिच्या प्रत्येक खिडकीत त्याने पाहिलं.

म्हातारे गेले. जाताना अण्णा म्हणाले, "साहेब, उद्याबी या. तुम्ही आलासा की माझा गोल तरी हुतोय. मग खाल्ला तरी चालंल."

वस्ताद कट्ट्यावर येऊन बसले होते. धैर्यशील त्यांच्यासमोर खाली, मातीतच बसला. रुमाल त्याने काढला नाही.

"वस्ताद, थ्रो तुमच्या पुढ्यात झाला. तुम्हाला दिसला होता."

"दिसला हुता."

"मग शिट्टी का वाजवली?"

"तू का वाजवली हुतीस?"

सेमीफायनलचा तो थ्रो धैर्यशीलच्याही पुढ्यातच झाला होता. चेंडू टाकणाऱ्या गड्याचा पाय उचलला जात नाही ना, ते तो वाकून पाहत होता.

"त्याचा झेंडा वर गेला की माझी शिट्टी वाजते," तो म्हणाला. "मी विचार करत नाही. कधीच केला नाही. एवढ्या वर्षांत करावा लागला नाही."

"म्हंजे इस्वास हुता."

"होता की, वस्ताद!"

"कुठवर?"

"शिट्टीपर्यंत," धैर्यशील म्हणाला.

वस्तादांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटलं, त्याचं लक्ष नव्हतं. रात्रपाळी करून आला असेल, डोळा लागला असेल. हलग्या वाजत होत्या स्टँडात. त्याला ऐकूच..." धैर्यशील थांबला. "त्याला ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे चूक त्याची नव्हती, वस्ताद!"

"हुती."

"पण..."

"झेंडा चुकीचा हुता. चूक त्याचीच. ती उचलून दुसऱ्याची करू नगंस."

धैर्यशीलने झेंड्याच्या कडेची शिवण बोटाने चाचपली.

"काशा आला होता," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुंपणापाशी. माझ्या मागं उभा होता."

"येतो त्यो. पाळी सुटली की उभा ऱ्हातो जरा. ह्यो आठवडा रोज."

"रोज? तुम्ही मला..."

"तू इचारलं न्हाईस. तुला सर्वसाधारण पायजे हुतं." वस्तादांनी डोळे चोळले. "बोलला काय?"

"थ्रो होता रे, म्हणाला."

"केवढ्यानं?"

"म्हणजे?"

"केवढ्यानं म्हनाला? अण्णाला ऐकू गेलं?"

"नाही."

"मला?"

"तुम्हाला कसं जाईल? तुम्ही तिकडं..."

रस्त्यावरचा दिवा लागला. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा अंधारात दिसेनाशा होत होत्या, उजवीकडची तेवढी दिव्याच्या उजेडात उरली होती.

"फक्त मला," तो म्हणाला.

धैर्यशील उठला. झेंडा घेऊन मैदान ओलांडून पलीकडे गेला. सायकल जिथे टेकली होती तिथे कुंपणाच्या तारेत त्याने झेंड्याची काठी खोचली, कापड नीट केलं, आणि परत आला.

"पोरगा मागत हुतास," वस्ताद म्हणाले. "देऊ?"

"नको."

"मग फायनलला लाइनवर कोन?"

"काशा."

"हो म्हनाला?"

"नाही." धैर्यशील ताठ उभा राहिला. गळ्यातली शिट्टी त्याने मुठीत धरली. "तो झेंडा घेत नाही तोवर मी शिट्टी घेणार नाही. उद्याच सांगून टाकतो सगळ्यांना. सगळ्यांसमोर सांगतो."

"ह्ये बी स्टँडाकडं बघूनच बोललास," वस्ताद म्हणाले.

मूठ सैल झाली. शिट्टी दोरीवर लोंबकळली.

धैर्यशील पुन्हा खाली बसला. आता त्याच्या बोलण्यात राज्याची यादी नव्हती, वर्ग नव्हता. पहिल्या हंगामात बुटांच्या नाड्या गळ्यात अडकवून दोघं इथे आले होते, तेव्हाचा आवाज होता.

"दार उघडत नाही तो. उद्या परत जाईन. परवा जाईन. पाळी सुटताना फाटकात उभा राहीन. नुसता उभा राहीन, बोलणार नाही... पण वस्ताद, आला नाही तर? रेघेवर दुसराच कुणी असेल, शिट्टी माझ्या तोंडात असेल, आणि माझी मान आपोआप तिकडंच जाईल. मी काय करू त्या मानेचं?"

वस्तादांनी काठी कट्ट्याला टेकवून ठेवली.

"येईल का हो तो?"

वस्तादांनी मान उजवीकडे वळवली. तिकडे रिकामी रेघ होती, आणि तिच्यामागे तारेत खोचलेला झेंडा. ते पाहत राहिले... बराच वेळ पाहत राहिले.

"गणपा अजून आल्याला न्हाई," ते म्हणाले. "म्हणून मी बघायचं सोडलंय व्हय?"